महिनाभरासाठी आलेली गाडी

मी तेव्हा गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला होतो. शोरूमसमोर रस्ता ओलांडला की एक शिलाईचं दुकान होतं. दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला लावलेला आरसा आणि दारात टांगलेले शाळेचे गणवेश, एवढाच पसारा. दुकान चालवणाऱ्याला अख्खा रस्ता मास्तर म्हणायचा. पन्नाशीला आलेला, अंगानं भरलेला, शांत माणूस. गळ्यात टेप आणि ओठांत दोन-तीन टाचण्या कायम. टाचण्या तोंडात असल्या की बोलावं लागत नाही. त्यांची बायको म्हणायची, "हे घरीसुद्धा टाचण्या तोंडात घेऊनच येतात. सासू-सुनेचं काही सुरू झालं की बोट ओठांकडे दाखवतात. म्हणजे यांची सुटका."

वहिनी हे हसत सांगायच्या, पण त्यात खोटं फारसं नव्हतं. मास्तर आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. वडील लवकर गेले. तेव्हा आईनं त्यांना आपल्या धाकट्या बहिणीकडे शिलाई शिकायला धाडलं. मावशी एकटी राहायची आणि बायकांचे कपडे शिवायची. तिच्या हाताखाली मास्तर काज-बटणापासून कोटापर्यंत सगळं शिकले. चुकलं की मावशी टाका उसवायला लावायची आणि जमलं की पाठीवर थाप मारायची. मास्तरांचं अर्धं बालपण त्या घरात गेलं.

मग बहिणी-बहिणींचं फाटलं. कारण काय, तर कपाट. दोघी बहिणींच्या आईचं जुनं लाकडी कपाट मावशीकडे होतं. एके दिवशी तिनं ते न विचारता काढून टाकलं. मोठीला हे बाहेरून कळलं. तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं, "आजपासून तिच्या दारात जो पाय ठेवील, तो माझा कुणी नाही." मावशीनंही ऐकून घेतलं नाही. त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. दोघी एकाच गावात, बसनं अर्ध्या तासाच्या अंतरावर. ना जाणं, ना येणं. आणि मास्तर मधल्या मध्ये. त्यांनी आईचं ऐकलं, मावशीकडे जाणं सोडलं. कुणी मावशीचं नाव काढलं की टाचण्या तोंडात जायच्या.

हे सगळं मला नंतर कळलं. मला तेव्हा फक्त एक कुटुंब हवं होतं.

झालं असं, की आमची कंपनी एक छोटी गाडी बाजारात आणणार होती. चार दारांची, पाच माणसांची, किंमतही बेताची. आतापर्यंत जे लोक स्कूटरवरून किंवा बसनं फिरत होते, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली. कंपनीच्या जाहिरातीच्या बाईंनी एक युक्ती काढली होती. गाडी बाजारात येण्याआधी महिनाभर ती गावातल्या एखाद्या साध्या घरी राहू द्यायची. त्यांनी ती हवी तशी वापरायची. मग उद्घाटनाच्या दिवशी त्याच घरच्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून दोन शब्द बोलायचे. आमच्या मालकांनी कुटुंब शोधायचं काम माझ्या गळ्यात मारलं. "तुझ्या ओळखी फार," ते म्हणाले. "घरात म्हातारं माणूस हवं, मुलं हवीत. आणि कुणाला तरी गाडी चालवता आली पाहिजे."

मास्तरांनी तरुणपणी कापडाच्या व्यापाऱ्याची व्हॅन चालवली होती, हे मला ठाऊक होतं. मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शिवण संपेपर्यंत मान वर केली नाही. मग टाचण्या काढून विचारलं, "महिन्यानं परत द्यायची ना?"

"द्यायची."

"म्हणजे पोरींना लळा लागायचा आणि मग काढून न्यायची."

"तसंच काहीसं."

"आईला विचारून सांगतो," ते म्हणाले.

आईनं होकार दिला. तिचे गुडघे धरलेले होते. जिना उतरायची, पण बसच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं की तिचा धीर सुटायचा. दोन-तीन वर्षांत ती दवाखाना सोडून कुठे गेली नव्हती. खिडकीशी बसून गल्लीतल्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची, एवढाच तिचा उद्योग. गाडी दारात आली त्या दिवशी मी किल्ली द्यायला गेलो होतो. म्हातारीनं काठीनं टायरला टोचून पाहिलं, जणू भाजी निवडत होती. मग पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "छोटी आहे, पण चढायला त्रास नाही. चल, फिरवून आण."

पहिला आठवडा घरात नुसती दिवाळीची धांदल. दोन पोरींपैकी थोरली शाळेतून आल्या आल्या गाडीत जाऊन अभ्यासाला बसायची. धाकटी शेजारच्या मुलांना एकेक करून आत घ्यायची आणि हॉर्नला हात लावला की बाहेर काढायची. वहिनींनी सीटवर जुन्या चादरी अंथरल्या. मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून गाडी चालवायचे. सुरुवातीला त्यांचे खांदे कानांपर्यंत गेलेले असायचे, मग हळूहळू खाली आले.

कंपनीच्या सांगण्यावरून मी दर आठवड्याला जाऊन विचारपूस करायचो. काय आवडलं, काय खटकलं. म्हातारी उभ्या गाडीत मागे बसून शेजारणींशी गप्पा मारायची, आणि तिची एक तक्रार पहिल्यापासून होती. मागच्या दाराची काच अर्धीच खाली जाते. "बाहेरच्या माणसाशी बोलायचं तर मान तिरकी करावी लागते," ती म्हणाली. ते मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, दाराच्या आत जागा नाही, ते तसंच राहील.

दुसऱ्या रविवारी मास्तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडले. तळ्याकडे जायचं ठरलं होतं. पण चौकात त्यांनी गाडी उलट्या बाजूला वळवली.

"हा रस्ता कुठला?" आईनं विचारलं.

"मोठा रस्ता बंद आहे."

"बंद कुठे? ती बघ, बस चाललीये त्यावरून."

मास्तर गप्प. आज तोंडात टाचण्या नव्हत्या, पण गप्प राहण्याची सवय जुनी होती. मागे वहिनींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. त्यांनाही काही सांगितलेलं नव्हतं, पण त्या ओळखून चुकल्या होत्या. गाडी एका बारक्या गल्लीत शिरली आणि हिरव्या दाराच्या बैठ्या घरासमोर थांबली.

पुढे मी मास्तरांना एकदा विचारलं, "सहज वळली की ठरवून नेलीत?"

"ठरवून," ते म्हणाले. "आदल्या रात्री झोप आली नाही. म्हटलं, एवढ्या वर्षांत आईला तिथे न्यायला माझ्याकडे काही साधनच नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. आता दारात गाडी उभी. आता काय सांगणार?"

आईनं घर ओळखलं. तिचा चेहरा घट्ट झाला. "मी उतरणार नाही."

"उतरू नकोस," मास्तर म्हणाले आणि स्वतः उतरले.

दार मावशीनंच उघडलं. वाळलेली, ताठ, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं मास्तरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, जसं माप घेताना पाहतात.

"जाड झालास," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं होतं ती दार लावून घेईल, नाहीतर रडेल. या दोन्हीची त्यांनी तयारी केली होती. याची केली नव्हती.

"आई गाडीत आहे," ते कसेबसे म्हणाले.

"मग बसू दे."

"आत ये म्हण ना तिला."

"यायचं तर तिनं यावं. माझं दार बंद आहे का?"

"ती उतरणार नाही म्हणते."

"मग मी जाऊ? तिच्या गाडीत जाऊन बसू? मला काय पडलंय?"

"तिची नाहीये मावशी. माझीपण नाही. कंपनीची आहे. महिन्यानं परत जाणार आहे."

चष्मा डोळ्यांवर घेऊन मावशीनं मास्तरांच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. "कंपनीची?"

"कंपनीची."

"म्हणजे तुमच्या कुणाची नाही."

"कुणाचीच नाही."

ती आत गेली. मास्तर उंबऱ्याबाहेर तसेच उभे. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, तेव्हा तिनं केस विंचरले होते आणि चप्पल बदलली होती. सरळ गाडीपाशी जाऊन तिनं मागचं दार उघडलं. वहिनी आणि पोरी न सांगता दुसऱ्या बाजूनं उतरल्या. मावशी मागे बसली, दार ओढून घेतलं आणि पुढे बसलेल्या बहिणीच्या डोक्याला म्हणाली, "मला तुझ्या पाठीशी बोलायची सवय नाही."

आता पंचाईत अशी, की म्हातारीला मागे वळता येईना. मान दुखायची. शेवटी मास्तरांनी हात देऊन आईला उतरवलं, चार पावलं चालवलं आणि मागच्या सीटवर बहिणीशेजारी बसवलं. "मी उतरणार नाही" हे ती विसरली होती की विसरल्यासारखं दाखवत होती, कोण जाणे. दार लागलं. काचा वर. बाहेरून फक्त दोघींची तोंडं हलताना दिसत होती आणि अधूनमधून एखादा हात.

मास्तर, वहिनी आणि पोरी उन्हात उभे. धाकटीनं विचारलं, "आत कोण जिंकतंय?" वहिनींनी तिला गप्प केलं, पण त्यांनाही तेच जाणून घ्यायचं होतं.

मग काच अर्धी खाली आली आणि फटीतून म्हातारीचा आवाज आला, "हिचा घसा सुकलाय. पाणी आणा कुणीतरी." त्यावर मावशीचा आवाज, "स्वयंपाकघरात डावीकडे आहे. पेले वरच्या फळीवर." वहिनी आत गेल्या. आठ-नऊ वर्षांनी म्हातारीच्या घरातल्या कुणीतरी मावशीच्या दारात पाय ठेवला, आणि तो ठेवायला खुद्द सासूनंच पाठवलं होतं. वहिनींनी ही गोष्ट मला किमान चार वेळा सांगितली असेल.

कपाटाचा उलगडा त्या दिवशी झाला. वाळवी लागली होती. एक पाय तुटून कपाट रात्री कोसळलं आणि मावशी थोडक्यात वाचली. "मग मला सांगायचं नाहीस?" मोठीनं विचारलं. "सांगायला येणार होते, तेवढ्यात तू ओरडत आलीस," मावशी म्हणाली. एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण दोघींना मिटवायची घाई नव्हती. कपाटावरून विषय दोघींच्या आईच्या आजारपणावर गेला, त्यावरून कुणाचं लग्न आधी झालं त्यावर, मग लहानपणी कुणी कुणाची वेणी कापली त्यावर. दिवस कलायला आला तेव्हा मास्तरांनी हळूच काच वाजवली.

"पुढच्या रविवारी," मावशी उतरताना म्हणाली. "माझं अजून बोलून झालं नाही."

"माझंही," म्हातारी म्हणाली.

त्यानंतर हेच सुरू झालं. रविवारच काय, मधल्या वारीही मास्तर दुकान लवकर बंद करून आईला न्यायचे. गाडी हिरव्या दारासमोर उभी राहायची. दोघी मागच्या सीटवर. आई घरात जात नव्हती, मावशी बोलवत नव्हती. गाडी मात्र दोघींना चालत होती. तोवर पोरी मावशीच्या जुन्या मशीनवर चिंध्या शिवायच्या. आणि मास्तर? ते मावशीच्या कामाच्या टेबलाशी बसायचे, तिनं अर्धवट ठेवलेल्या कपड्यांना हातशिलाई घालायचे. मावशी आत आली की कपडा उलटून टाके तपासायची. "बिघडला नाहीस," एकदा म्हणाली. मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते एका पँटची पट्टी दुमडत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचे साहेब शोरूममध्ये आले. त्यांनी मास्तरांच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या काट्यावर ती किती फिरली ते पाहिलं आणि माझ्यावर घसरले. "ही गाडी चालतच नाही! आम्ही चालवायला दिली की बसायला? उद्घाटनाला हे लोक काय सांगणार, सीट मऊ आहे? परत आणा. दुसरं कुटुंब शोधा."

मी पडलेल्या चेहऱ्यानं मास्तरांकडे गेलो. त्यांनी टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. आतापर्यंत या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. गिऱ्हाईक उशिरा आलं तरी त्याला बोल लावत नसत.

"थांबवता येईल का?" ते म्हणाले. "नाही म्हणालात तर समजून घेईन. पण थांबवता आलं तर बघा."

"साहेबांना गाडी पळायला हवीये, मास्तर. त्यांना बाकी काही नको."

ते घरी जाऊन आईशी बोलले. पहिल्यांदाच त्यांनी तिला परवानगी विचारली नाही, अडचण सांगितली. म्हातारी म्हणाली, "एवढंच ना? मग चालवत राहा. आम्हाला बोलायचंय, गाडी उभी आहे का पळतीये याच्याशी आम्हाला काय करायचंय?"

मी साहेबांकडून एक आठवडा मागून घेतला, आणि त्या आठवड्यात गावानं एक अजब प्रकार पाहिला. पुढे मास्तर एकटे, मागे दोन म्हाताऱ्या. तळ्याला वळसा, मग गोदामांचा रस्ता, मग टेकडीमागून परत तळं. दोघी हातवारे करतायत, मास्तर नाकासमोर बघतायत. लोक मला शोरूममध्ये येऊन विचारू लागले, "ती तळ्याभोवती फिरते ती कुठली गाडी?" पेट्रोल भरायला थांबले की पंपावरचा माणूस विचारायचा, "आज काय विषय?" मास्तर म्हणायचे, "कालचाच." काट्यावरचा आकडा सरसर वाढला. साहेब गप्प बसले.

उद्घाटनाच्या दिवशी शोरूम पताका-फुगे लावून सजवलं होतं. जाहिरातीच्या बाईंनी मास्तरांना चार वाक्यं पाठ करायला दिली होती. ही नुसती गाडी नाही, आमच्या घरातलं सहावं माणूस आहे, वगैरे. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता. तो त्यांना बेतशीर बसला होता, पण आत माणूस कापत होता. बाईंनी माइक पुढे केला. मास्तरांनी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य काही येईना. शेवटी ते म्हणाले, "मला बोलता येत नाही. गाडी चांगली आहे. माझी आई फिरली." आणि थांबले.

जाहिरातीच्या बाईंचं हसू ताणलं गेलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"मी सांगते," म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. माइकची तिला गरज नव्हती. "चढायला-उतरायला सोपी आहे, गुडघ्यांना त्रास नाही. मागे दोघी ऐसपैस बसतात. तिसरी आली तर भांडण. खड्ड्यातून जाताना पाठ दुखत नाही. मागची काच मात्र अर्धीच खाली जाते, आणि हे यांना सांगून झालंय, ऐकत नाहीत."

तिच्या शेजारी बसलेली मावशी म्हणाली, "आणि दार जरा जोरात ओढावं लागतं."

"ते तू हळू ओढतेस म्हणून."

"मी हळू ओढते? परवा कोणाचा पदर अडकला होता?"

लोक हसायला लागले. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मालकांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण पडदा ओढून गाडी खुली केली तेव्हा पहिल्यांदा आत शिरल्या त्या गावातल्या म्हाताऱ्या. मुलं-सुना बाजूला उभ्या. त्या मागच्या सीटवर बसून बघत होत्या, दार ओढून बघत होत्या, काच खरंच अर्धी जाते का तेही बघत होत्या. आमच्याकडे त्या गाडीची विक्री बरी झाली. फार मोठी नाही, पण बरी. साहेबांनी त्याचं श्रेय जाहिरातीच्या बाईंना दिलं, आणि कल्पना त्यांचीच होती, तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी परत न्यायला गेलो. पोरी घरातून बाहेरच आल्या नाहीत. वहिनींनी चादरी काढल्या, आतली धूळ पुसली. मास्तरांनी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले, "तेल बघून घ्या, परवा जरा कमी वाटलं." मला वाटलं होतं ते गाडी घ्यायचं काहीतरी बोलतील. नाही बोलले. त्यांना ते झेपणारं नव्हतं आणि तसा आवही त्यांनी आणला नाही.

मला मात्र चुटपुट लागून राहिली. आता त्या दोघी बसणार कुठे? पुढच्या सोमवारी मी मुद्दाम पँट आखूड करायचं निमित्त काढून गेलो.

"काल आई बसनं गेली," मास्तर म्हणाले.

"पायऱ्या?"

"मी मागून धरलं, हिनं पुढून ओढलं. वरून कंडक्टरनं हात दिला. सगळ्या बसला शिव्या घालत चढली." ते थोडे हसले. "मावशी थांब्यावर आली होती. दोघी तिथल्याच बाकावर बसल्या. घरात जायचं कुणी नाव काढलं नाही."

दोन रविवार बाकावर गेले. तिसऱ्या रविवारी बाकावर आधीच कुणीतरी सामान घेऊन बसलं होतं. मावशी म्हणाली, "मी काही उभी राहणार नाही. मी चालले घरी. तुला यायचं तर ये." आणि खरंच चालू लागली. म्हातारी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग काठी टेकत निघाली. मास्तर सांगत होते, "मी हात द्यायला गेलो तर झिडकारला. म्हणाली, मला रस्ता ठाऊक आहे."

त्या दिवसानंतर येणं-जाणं सुरळीत झालं. सुरळीत म्हणजे आठवड्यातून एकदा खडाजंगी आणि दोन दिवसांचा अबोला. मावशी अधूनमधून मास्तरांच्या दुकानात येऊन बसायची, त्यांचं काम बघायची, गिऱ्हाइकांना फुकटचा सल्ला द्यायची. मास्तर टाचण्या तोंडात घेऊन ऐकायचे, पण ते आता थोडं जास्त बोलू लागले होते, हे रस्त्यावरच्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा त्यांनी घरी सासू-सुनेच्या वादात चक्क सुनेची बाजू घेतली. वहिनी दोन दिवस त्याच हवेत होत्या.

साधारण वर्षभरानं मावशी गेली. झोपेतच गेली, फारसं काही झालं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा म्हातारी खिडकीशी बसली होती. मी समजुतीचं काहीतरी बोलू लागलो तर तिनं हातानं थांबवलं. "वर्षभर पोटभर भांडलो," ती म्हणाली. "ती आधीच गेली असती, तर मी हे सगळं कुणाशी बोलले असते?" मग तिनं मला चहा विचारला.

मास्तरांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. मावशीकडे काही कपडे अर्धवट राहिले होते, ते त्यांनी घरी आणून पुरे केले आणि ज्याचे त्याला नेऊन दिले.